नियम मोडणारी धूळ

पितळेची एक पातळ तबकडी मधोमध दांड्यावर घट्ट बसवायची, तिच्यावर बारीक वाळू भुरभुरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. तबकडी सूर धरते, वाळूचे कण थुईथुई नाचतात आणि काही क्षणांत ठरावीक रेषांवर जाऊन गप्प बसतात. तारे, जाळ्या, वर्तुळे अशा आकृत्या उमटतात. सूर बदलला की आकृती बदलते. एर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन माणसाने १७८७ साली लाइपझिगला छापलेल्या पुस्तकात या आकृत्या जगापुढे ठेवल्या. विटेनबर्गचा हा मुलगा वडिलांच्या आग्रहाखातर कायदा शिकला होता. वडील वारल्यावर त्याने कायदा सोडला आणि उरलेले आयुष्य ध्वनीला दिले. विद्यापीठाची नोकरी त्याला कधी मिळाली नाही. तबकड्या आणि स्वतः घडवलेली वाद्ये घोडागाडीत घालून तो युरोपभर हिंडायचा, प्रयोग दाखवायचा आणि त्यावर गुजराण करायचा. १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियनने हे प्रयोग पाहिले, पुस्तकाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी ६,००० फ्रँक दिले आणि या आकृत्यांचे गणित मांडणाऱ्याला बक्षीस जाहीर करवले. ते बक्षीस १८१६ मध्ये सोफी जर्मेन या गणितज्ञ बाईंनी मिळवले.

वाळू कुठे थांबते हे कळायला अवघड नाही. थरथरणारी तबकडी कणांना उडवत राहते, आणि जिथे ती मुळीच हलत नाही अशा रेषेवर एकदा कण पोचला की त्याला उडवणारे कोणी उरत नाही. या रेषांना आपल्या पाठ्यपुस्तकांत निस्पंद म्हणतात, आणि जिथे कंपन सर्वांत मोठे असते त्या जागांना प्रस्पंद.

पण तबकडीवर वाळूखेरीज आणखी काही पडायचे. गजाला घोड्याचे केस लावलेले असतात, आणि गज ओढताना त्या केसांचा बारीक चुरा झडतो. हा चुरा वाळूच्या नेमका उलट वागायचा. तबकडी जिथे सर्वांत जोरात हलते तिथेच त्याचा इवलासा ढीग जमायचा, आणि ढिगातले कण आतल्या आत घुसळत राहायचे. क्लाड्नीने हे पाहिले होते, लिहूनही ठेवले होते. प्रेक्षकांना मात्र ताऱ्यांच्या आकृत्या हव्या होत्या, चुऱ्याकडे कोण बघणार? आज प्रयोगशाळांत ध्वनीच्या जोरावर एकेक पेशी उचलून हलवली जाते, डोळ्याला न दिसणाऱ्या यंत्रांना पाण्यात पळवले जाते. या सगळ्याचे मूळ मी क्लाड्नीच्या वाळूत शोधत नाही, त्या दुर्लक्षित चुऱ्यात शोधतो.

चुऱ्याची बाजू पहिल्यांदा नीट ऐकून घेतली ती मायकेल फॅरेडेने. १८३१ हे साल आपण चुंबकापासून वीज निर्माण झाली म्हणून पाठ केलेले असते. तो शोध ऑगस्टअखेरचा. त्याच्या आधीचे काही महिने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडे या धुळीच्या मागे लागला होता. फ्रान्सच्या फेलिक्स साव्हारने असे सुचवले होते की तबकडीत मुख्य कंपनाबरोबर एक दुय्यम कंपनही चालू असते आणि बारीक भुकटी त्याच्या रेषा दाखवते. फॅरेडेला ते पटेना. त्याचा संशय हवेवर होता. हलणारी तबकडी आपल्या अंगालगतची हवा शांत जागांकडून हलत्या जागांकडे ओढत असावी आणि तिथून वर फेकत असावी. वाळू जड म्हणून या झुळकीला दाद देत नाही, भुकटी हलकी म्हणून वाहून जाते.

मग परीक्षा कशी घ्यायची? त्याने कंप पावणारी तबकडी काचेच्या हंडीखाली ठेवली आणि पंपाने हंडीतली हवा काढून घेतली. भुकटी म्हणून त्याने लायकोपोडियम वापरले. या वनस्पतीचे पिवळसर बीजाणू पिठाहूनही मऊ असतात. हवा असताना ते प्रस्पंदांवर जमत होते. हवा विरळ होताच तेच बीजाणू मुकाट्याने वाळूच्या रेषांवर जाऊन बसले. वाहून नेणारा गेला, तर भुकटीचा हट्टही गेला. फॅरेडे तिथे थांबला नाही. हवा काढल्यावर हलकी पूड वाळूसारखी वागते, तर हवेहून दाट माध्यमात वाळूने पुडीसारखे वागायला हवे. त्याने तबकडी पाण्यात बुडवली, आणि एरवीची शिस्तशीर वाळू प्रस्पंदांकडे सरकली. एकच कल्पना दोन्ही टोकांनी पिळून बघण्याची ही रीत मला त्याच्या विजेच्या प्रयोगांइतकीच देखणी वाटते. साव्हारचे दुय्यम कंपन त्या हंडीत निकालात निघाले.

यातून एक मोठी गोष्ट हाती आली होती, तिचा उपयोग मात्र कोणाला सुचला नाही. ध्वनी नुसता थरथरवत नाही. तो माध्यमाला एका दिशेने वाहायला लावतो, आणि त्या वाहण्यात लहान वस्तू ओढल्या जातात.

१८६६ मध्ये आउगुस्ट कुंटने हीच पूड काचेच्या नळीत घातली. महाराष्ट्रात ज्यांनी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. केले त्यांना कुंटची नळी आठवेल. राळ लावलेल्या फडक्याने धातूची कांडी ओढायची, कान किटवणारी किंचाळी निघते, आणि नळीतली पूड समान अंतरावर ढीग करून बसते. दोन लगतच्या ढिगांतले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. अंतर मोजायचे, ध्वनीचा वेग काढायचा, जर्नलवर सही घ्यायची. पण नळीतली हवा मंदपणे गोल फिरते आहे हे सहसा कोणी दाखवत नाही. १८७६ मध्ये चेक शास्त्रज्ञ द्वोर्झाकने ते टिपले, आणि त्याचे कारण सापडायला लॉर्ड रॅले यावा लागला.

रॅलेने ध्वनीवरचा आपला थोर ग्रंथ १८७२ मध्ये नाईल नदीवरच्या नावेत लिहायला घेतला होता. संधिज्वरातून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी इंग्लंडच्या हिवाळ्यापासून दूर पाठवले होते. ध्वनीचे रूढ गणित असे धरून चालते की कंपने अतिशय लहान आहेत, म्हणून त्यांचे वर्ग सोडून दिले तरी चालतात. लहान संख्येचा वर्ग आणखी लहान असतो, त्यामुळे गणित सोपे होते आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते. या हिशेबात हवेचा कण जितका पुढे जातो तितकाच मागे येतो. सरासरी शून्य, कोणीही कुठेही जात नाही. १८८४ मध्ये रॅलेने टाकून दिलेले वर्ग परत हिशेबात घेतले. नळीच्या भिंतीलगत घर्षणाचा एक पातळ थर असतो. तिथे पुढचे आणि मागचे पाऊल तंतोतंत सारखे पडत नाही, दर कंपनागणिक अगदी थोडी बाकी उरते. सेकंदाला हजारो कंपने झाली की ती बाकी साचत जाते आणि हवा वाहू लागते. पुढे १९०२ आणि १९०५ मधल्या लेखांत त्याने ध्वनीच्या स्थिर दाबाचा हिशेब मांडला. तोही याच टाकलेल्या पदांतून आला होता. दरम्यान १८८५ मध्ये त्याने घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या लाटांचे गणित केले होते. भूकंपशास्त्राला त्याचा फार उपयोग झाला. ही लाट पुढे पेशींपर्यंत पोचणार होती.

नॉर्वेचा कार्ल आंतोन ब्यर्क्नेस याच काळात पाण्यात फुगणाऱ्या आणि आक्रसणाऱ्या गोळ्यांचे प्रयोग करत होता. दोन गोळे एका तालात फुगले तर एकमेकांकडे ओढले जातात, उलट तालात फुगले तर दूर लोटले जातात. १८८१ च्या पॅरिसमधल्या विद्युत प्रदर्शनात त्याने हे दाखवले तेव्हा लोक थक्क झाले. यातून वीज आणि चुंबकत्वाचे रहस्य उलगडेल अशी त्याची आशा होती. तसे काही झाले नाही, पण पाण्यातल्या बुडबुड्यांना त्याचा नियम आजही लागू पडतो.

या सगळ्या शक्ती इतक्या दुबळ्या होत्या की वहीबाहेर त्यांना किंमत नव्हती. मोठा आवाज लागत होता, आणि तो काढणारे साधन नव्हते. ते युद्धाने दिले. क्वार्ट्‌झच्या स्फटिकाला दाबले की वीज निर्माण होते, हे झाक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधले होते. त्याउलट वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँने या गुणाचा वापर केला. तूलाँच्या नौदल तळावर त्याने क्वार्ट्‌झमधून पाण्यात असा झोत सोडला की त्यात सापडलेले मासे मरू लागले, आणि पाण्यात हात घालणाऱ्याच्या हाताला वेदना होऊ लागल्या. ते पाहणाऱ्यांत अमेरिकेचा रॉबर्ट वुड होता. दहाएक वर्षांनी त्याने आल्फ्रेड लूमिस या धनाढ्य बँकरला ती हकीगत सांगितली. लूमिसने न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्कला एका वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. तेलात बुडवलेल्या क्वार्ट्‌झच्या चकतीला त्यांनी उच्च दाबाची वीज दिली, तेव्हा तेलाचा पृष्ठभाग टेकडीसारखा वर आला आणि तिच्या माथ्यावरून थेंब उडू लागले. त्या झोतावर ठेवलेली काचेची चकती वजन तोलून धरत होती. ध्वनी वस्तू उचलू शकतो हे त्या वाड्यात डोळ्यांनी दिसले. त्यांचा लेख १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३३ मध्ये ब्यूक्स आणि म्युलर या जर्मन जोडीने अल्कोहोलचे बारीक थेंब हवेत अधांतरी थांबवले.

लगेच गणिताला पुन्हा काम मिळाले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लुई किंगने १९३४ मध्ये कडक गोलकावर ध्वनीचा किती जोर पडतो ते काढले. १९५५ मध्ये योसिओका आणि कावासिमा या जपान्यांनी गोलक दाबला जाऊ शकतो हे त्यात घेतले. १९६२ मध्ये मॉस्कोच्या लेव्ह गोर्कोव्हने हे सारे अवघ्या काही पानांत इतके सुटसुटीत बसवले की आजचा प्रत्येक अभ्यासक तिथूनच सुरुवात करतो. त्याचे सार असे: कण दाबाच्या निस्पंदाकडे जाणार की प्रस्पंदाकडे, हे त्याची घनता आणि दबण्याची क्षमता आजूबाजूच्या द्रवाच्या तुलनेत किती आहे यावर ठरते. आणि जोर कणाच्या आकारमानावर अवलंबून असतो. व्यास दहापट कमी केला की जोर हजारपट घटतो. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे ती फार आडवी येणार आहे.

अंतराळयुगात ध्वनीचे हे उचलणे पहिल्यांदा मोठ्या खर्चाचे आणि मोठ्या आशेचे काम झाले. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा टेलर वाँग हा चीनमध्ये जन्मलेला शास्त्रज्ञ द्रवाच्या थेंबाचा अभ्यास करत होता. फिरणारा मोकळा थेंब कोणकोणते आकार घेतो हा न्यूटनच्या काळापासूनचा प्रश्न. १९६५ मध्ये आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी त्याचे गणित नव्याने मांडले होते. जमिनीवर थेंब टेकू न देता धरायचा तर कानठळ्या बसवणारा आवाज लागतो आणि त्याने थेंबच चपटा होतो. अंतराळात थेंब मुळात तरंगतो, त्याला फक्त जागेवर राखायचे आणि हलकेच फिरवायचे. वाँगने एक पेटी बनवली. तिच्यात तीन दिशांनी ध्वनी सोडून थेंब मध्यभागी धरता येई आणि हवा तसा फिरवता येई. २९ एप्रिल १९८५ रोजी तो स्वतः चॅलेंजर यानातून पेटीसह वर गेला.

पेटी चालू केली तर ती बंदच. बारा-तेरा वर्षे ज्यासाठी घालवली ते यंत्र पृथ्वीभोवती फिरत निपचित पडले होते. मोहिमेचे वेळापत्रक मिनिटामिनिटाचे आखलेले, सोबत माकडे आणि उंदरांचे प्रयोग, आणि यंत्र उघडून दुरुस्त करायचा विचार त्या वेळापत्रकात नव्हता. जमिनीवरून आढेवेढे घेतले जाऊ लागले. दुरुस्तीची संधी दिली नाहीत तर मी परत येणार नाही, असे वाँगने खाली कळवले. पुढे त्यानेच हे सांगितले आहे. संधी मिळाली. अर्धे शरीर यंत्राच्या कपाटात आणि पाय बाहेर तरंगत, अशा अवस्थेत त्याने आतली जोडणी बदलून बिघाड ओलांडला. उरलेल्या दिवसांत तो झोप बाजूला ठेवून थेंबांजवळ बसला. गोल थेंब वेग वाढवला की चपटा होत गेला, आणि एका मर्यादेनंतर दोन टोकांना फुगीर व मध्ये बारीक झाला. एका माणसाने केवळ ध्वनीच्या आधारे पाण्याच्या गोळ्याला हात न लावता घडवले होते. या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग हाच.

इकडे जमिनीवर प्रकाशाने आघाडी घेतली होती. आर्थर ॲश्किनने १९८६ मध्ये लेसरच्या एका झोतात सूक्ष्म कण पकडून दाखवले. पण तीव्र प्रकाशाने जिवंत पेशी तापते, आणि अपारदर्शक ऊतीत प्रकाश फार आत शिरत नाही. १९९१ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाच्या जुनरू वूने समोरासमोर दोन श्राव्यातीत ध्वनीचे झोत एकवटून पाव मिलिमीटरचे लॅटेक्सचे कण आणि बेडकाच्या अंड्यांचे पुंजके पकडले. या साधनाला त्याने ध्वनीचा चिमटा म्हटले. मग मात्र कामाला वेग आला. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात काचेच्या-सिलिकॉनच्या अरुंद नाल्यातून हृदयशस्त्रक्रियेत गोळा केलेले रक्त वाहवले गेले. त्यात चरबीचे बारीक थेंब मिसळलेले असतात आणि ते परत शरीरात गेले तर मेंदूला धोका असतो. ध्वनी चालू केला की तांबड्या पेशी नाल्याच्या मध्यरेषेवर आणि चरबी दोन्ही भिंतींकडे. गोर्कोव्हच्या समीकरणातले अधिक आणि उणे चिन्ह तिथे लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांत दिसते. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या टोनी जुन ह्वांगच्या गटाने २००९ मध्ये रॅलेच्या पृष्ठलाटा कामाला लावल्या. स्फटिकाच्या चकतीवर कंगव्याच्या दातांसारखी विद्युतपट्टी छापायची, तिच्यातून लाटा सोडायच्या आणि वरच्या पाण्याच्या थरात पेशी हव्या तशा रांगेत मांडायच्या. २०१२ मध्ये त्यांनी याच तंत्राने मिलिमीटरभर लांबीचा जिवंत कृमी पकडून ठेवला आणि सरकवला.

हे सगळे वाळूचे वारसदार. शिस्तशीर, रेषेवर बसणारे. अडचण आली ती आणखी लहान होताना. पाण्यात सुमारे २० लाख हर्ट्‌झच्या ध्वनीत दोनेक मायक्रॉनपेक्षा मोठा कण निमूट दाबाच्या निस्पंदावर जातो. त्याहून लहान कण ध्वनीने वाहवलेल्या पाण्याच्या भोवऱ्यात सापडून गरगर फिरत राहतो, कुठेच स्थिरावत नाही. कारण व्यास घटला की ध्वनीचा थेट जोर झपाट्याने घटतो, पण वाहत्या पाण्याची ओढ त्या मानाने हळू कमी होते. कितीतरी जिवाणू आणि सगळे विषाणू या उंबरठ्याच्या खाली येतात. क्लाड्नीच्या तबकडीवर वाळू एकीकडे आणि चुरा दुसरीकडे गेला होता. तीच फाळणी दोन शतकांनंतर चिपच्या नाल्यात उभी राहिली. बऱ्याच अभियंत्यांनी हा प्रवाह मारून टाकायचे मार्ग शोधले.

काहींनी त्यालाच इंजिन बनवायचे ठरवले. सूक्ष्म यंत्राला पाण्यात पोहवणे का अवघड आहे हे एडवर्ड पर्सेलने १९७७ च्या एका निबंधात समजावले होते. जिवाणूच्या मापाला उतरले की पाणी म्हणजे काकवीची कढई. जोर थांबला की यंत्र तिथल्या तिथे थांबते, पुढे घसरत जाण्याचे अंतर एका अणूच्या व्यासाइतकेही नसते. शिंपल्यासारखी एकाच बिजागरीवरची उघडझाप केली तर जितके पुढे तितकेच मागे. इथेही सरासरी शून्य. रॅलेला हवेच्या हिशेबात आढळले तेच कोडे पोहण्यात होते, आणि उत्तरही त्याच जातीचे निघाले. पुढच्या-मागच्या पावलात कुठेतरी असमानता हवी.

पेन स्टेटमध्येच टॉमस मॅलूक आणि मूळचे भारतीय असलेले आयुष्मान सेन यांच्या गटाने २००४ मध्ये सोने-प्लॅटिनमच्या सूक्ष्म कांड्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पळवल्या होत्या. पण पेरॉक्साइडमध्ये पेशी जगत नाहीत. २०१२ मध्ये मॅलूक आणि त्यांचे सहकारी वेई वाँग पॅरिसच्या मॉरिसिओ ओयोस यांच्यासोबत तशाच कांड्यांवर ध्वनीचा परिणाम बघत होते. ओयोस ज्या संस्थेत काम करत होते, तिचा लांजव्हँ एके काळी संचालक होता. कांडीची लांबी दोन मायक्रॉनच्या आसपास, जाडी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकी. साध्या पाण्यात, कसलेही रासायनिक इंधन न घालता, सुमारे ३७ लाख हर्ट्‌झचा ध्वनी सोडला. कांड्या उचलल्या गेल्या आणि पात्राच्या मधल्या पातळीत स्थिर झाल्या. इतके अपेक्षित होते. पण मग त्या धावू लागल्या. सेकंदाला २०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभरपट अंतर. काही स्वतःभोवती गरगरत होत्या, काही एकामागे एक साखळी करून जात होत्या.

त्यांना कोण ढकलत होते? या कांड्या सच्छिद्र पडद्याच्या भोकांत विद्युतप्रक्रियेने धातू साचवून बनवतात. त्या प्रक्रियेत एक टोक थोडे खोलगट राहते. कोणी मुद्दाम केलेली ही रचना नव्हती, घडणीत राहून गेलेला तो दोष होता. ध्वनीत थरथरताना कांडीच्या दोन टोकांशी पाणी सारखे वाहत नाही. २०१४ मध्ये नादाल आणि लाउगा यांनी गणिताने दाखवले की या असमान प्रवाहाची बाकी कांडीला एका बाजूने लोटू शकते. फॅरेडेच्या हंडीत जो प्रवाह भुकटीला वाहून नेत होता, तो आता भुकटीचा कण स्वतःच निर्माण करत होता आणि त्यावर स्वार होत होता. त्याच वर्षी या कांड्या कर्करोगाच्या जिवंत पेशींच्या आत शिरवल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की पेशी जिवंत आहे आणि तिच्या पोटात सोन्याची काडी फिरते आहे, आतल्या भिंतीला धडका देते आहे.

कांडी पळवता येते, पण तिच्याकडून काम करून घ्यायचे तर अधिक जोर हवा. तो बुडबुड्याने दिला. उट्रेख्टच्या मार्सेल मिनार्टने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या खळखळाटाचा अभ्यास केला होता. प्रत्येक बुडबुडा आपल्या आकाराच्या सुरात वाजतो हे त्याने दाखवले. एक मिलिमीटर त्रिज्येचा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो, दहा मायक्रॉनचा सव्वातीन लाखांच्या आसपास. बाहेरून नेमका तोच सूर दिला की बुडबुडा जोरात फुगतो-आक्रसतो आणि भोवतालचे पाणी फेकतो. एका टोकाला उघड्या अशा अतिसूक्ष्म पेल्यात हवेचा बुडबुडा अडकवला, तर तो तोंडातून पाण्याचा झोत सोडतो आणि पेला उलट दिशेने निघतो. वेगवेगळ्या मापाचे पेले असतील तर सूर बदलून हवा तोच हलवता येतो.

२०१९ मध्ये मॅलूकच्या गटाने अशा पेल्याला निकेलचा पातळ थर दिला. ढकलायला ध्वनी आणि वळवायला चुंबक. पात्रात सूक्ष्म कणांची दाटी होती. पेला त्या गर्दीत शिरला, एकाच कणाला भिडला, त्याला घेऊन बाहेर पडला आणि हव्या जागी सोडून आला. शेजारचे कण जागचे हलले नाहीत. पेशींबाबतही हेच केले. क्लाड्नीपासून वूपर्यंत ध्वनी सगळ्यांना एकदम हाकत आला होता. आता तो गर्दीतून एकाला निवडू शकत होता, आणि हा बदल मला या दोन शतकांतला सर्वांत मोठा वाटतो. जवळ आलेला पेला वस्तूकडे किंवा भिंतीकडे ओढला जातो तो ब्यर्क्नेसच्या नियमाने.

त्यानंतरची पावले जिवंत शरीरातली आहेत. झुरिकच्या ईटीएचमध्ये डॅनिएल अहमद यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत बुडबुड्यांचे पुंजके ध्वनीने धरून ठेवले आणि रक्तप्रवाहाच्या विरुद्ध नेले. सोनोग्राफीत चित्र ठळक दिसावे म्हणून रुग्णांना टोचतात त्या जातीचेच हे बुडबुडे. २०२४ च्या अखेरीस कॅलटेकच्या वेई गाओ यांच्या गटाने शरीरात विरघळणाऱ्या मऊ जेलचे, सुमारे ३० मायक्रॉन व्यासाचे पोकळ गोळे बनवले. आतला पृष्ठभाग पाणी झिडकारणारा, म्हणजे बुडबुडा अनेक दिवस टिकतो. बाहेरचा पाणी धरणारा, म्हणजे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. एकाऐवजी दोन तोंडे ठेवल्याने वेग वाढला. उंदरांच्या मूत्राशयातल्या गाठीपर्यंत त्यांनी औषध नेले, आणि नुसते औषध दिलेल्या उंदरांपेक्षा गाठ जास्त आक्रसली. बुडबुडा इंजिनाचे काम करत होता आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर गोळा कुठे आहे तेही तोच दाखवत होता.

उंदरापासून माणसापर्यंत जाताना अडवणारी गोष्ट मिनार्टच्या नियमातच आहे. यंत्र लहान केले की बुडबुडा लहान होतो आणि त्याचा सूर चढतो. चढा सूर ऊतीत लवकर विरतो, हाडाशी तर आणखीच. उंदराच्या पोटात काही मिलिमीटर आत पोचलेला ध्वनी माणसाच्या पोटात दहा-बारा सेंटिमीटर आत न्यायचा तर सूर उतरवावा लागतो, आणि सूर उतरवला की बुडबुडा मोठा करावा लागतो. मोठा बुडबुडा बारीक वाहिनीत मावत नाही. म्हणून मूत्राशयासारख्या ऐसपैस पोकळीत हे गोळे आधी चालले. केशवाहिन्यांसाठी पुंजक्याने जाणारे आणि गरज पडल्यास सुटे होणारे बुडबुडे हा एक मार्ग आहे. सुरावर कमी अवलंबून असणाऱ्या खोलगट टोकाच्या कांड्या हा दुसरा. दोन्ही मार्गांवर आज काम चालू आहे.